अर्ध्यावरून उचललेली प्लेट

तापीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५७. घरची कापूस आणि दादर ज्वारीची शेती. उन्हाळ्यात त्या स्वतः आंबवलेल्या ज्वारीचे बिबडे आणि पापड करून विकतात. मुलगा पुण्याला नोकरीला, सून मुंबईची. मे महिन्यात ताईंच्या लग्नाला ३५ वर्षं होतात, म्हणून मुलाने मुंबईतल्या एका नावाजलेल्या नव्या पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये चौघांचं जेवण ठरवलं आहे. माणशी ५,५०० रुपये, वर कर. दहा-अकरा पदार्थ, एकामागून एक येणार. ताईंनी 'गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही' असं सांगून टाकलं. खरं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी साखरपुड्यानंतर व्याह्यांसोबत एका मोठ्या हॉटेलात गेल्या असताना पाणी प्यायला म्हणून त्यांनी काटा आणि चमचा प्लेटमध्ये शेजारी-शेजारी ठेवले, आणि वेटरने अर्धी भरलेली प्लेट उचलून नेली. त्या काही बोलल्या नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रात्र तशीच गेली. यजमान माळकरी आहेत, पण त्यांना मात्र जायचं आहे. त्यांनी शर्टाचं कापडसुद्धा आणलं. ताई विचारतात: जाऊ की नको? एका जेवणात तीन क्विंटल कापूस घालवणं बरं दिसतं का? माळकऱ्याने तिथे खायचं काय? आणि ठेच्याची डबी सोबत नेली तर चालेल का?

ताई,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण सगळ्यात जास्त शाई त्या प्लेटवर खर्च झाली आहे. प्लेटमध्ये पनीरचे दोन तुकडे होते, अर्धी रोटी होती आणि काकडीची एक चकती, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वीच्या जेवणातली काकडीची चकती कुणाला आठवत नाही. तुम्हाला आठवते. म्हणून कापूस आणि ठेचा जरा बाजूला ठेवते आणि आधी प्लेटकडेच येते.

त्या काट्या-चमच्यांची एक खुणेची बोली आहे. दोन्ही शेजारी-शेजारी, एका दिशेने ठेवले की 'माझं झालं, न्या'. दोन्ही तिरपे, घराच्या छपरासारखे, टोकं वर आणि दांडे दोन बाजूंना फाकलेले ठेवले की 'थांबा, मी अजून जेवतेय'. एवढंच. ही बोली तुम्हाला कुणी शिकवली नव्हती, जशी तुमच्या सुनेला खापरावर मांडा टाकायला कुणी शिकवलं नसेल. पण शिकलेल्या वेटरनेसुद्धा खूण पाहून प्लेट उचलायची नसते. वाकून 'झालं का?' असं विचारायचं असतं, आणि प्लेटमध्ये अन्न दिसत असेल तर नक्कीच. आपल्या पंगतीत तर शेजारच्याचं जेवण होईस्तोवर आपण हात धुवायला उठत नाही, मग कुणाचं भरलं पान उचलणं दूरच राहिलं. तेव्हा त्या रात्री वागायला जर कुणी चुकलं असेल, तर ते तुम्ही नव्हता.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. पत्राच्या सुरुवातीला तुम्ही लिहिता, 'कुणाच्या लक्षातही आलं नाही.' आणि चार ओळींनंतर लिहिता, 'मुलाला माझ्यामुळे पुन्हा खाली बघावं लागू नये.' दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? ज्याला दिसलंच नाही, त्याने खाली कसं बघितलं? मला वाटतं, मुलाने खाली बघितलंच नाही. तुम्ही बघितलंत. आणि दोन वर्षं तुम्ही ते त्याच्या नावावर मांडून ठेवलंत.

त्याच्या बाजूने बघा. त्याला माहीत आहे ते इतकंच: आईबाबांना एका चांगल्या ठिकाणी न्यावं म्हटलं, तर आई गुडघ्यांचं सांगते. हीच आई कडक उन्हात गच्चीवर बिबडे घातलेलं धोतर पसरायला दिवसाला दहा वेळा जिना चढते, हेही त्याने लहानपणापासून पाहिलंय. त्याला ते कारण पटलेलं नाही, म्हणून तर तो 'एसीचं तिकीट काढतो' म्हणाला, असं तुम्हीच लिहिलंय. खरं कारण कळलं नाही की माणूस वाईटातलं वाईट धरून चालतो. तो कदाचित मनात म्हणत असेल, आईला माझ्या बायकोसोबत चार तास काढायचे नाहीत.

म्हणून जायचं की नाही हे ठरवायच्या आधी त्याला एक फोन करा. सून शेजारी नसताना, तो कामावरून निघाला असेल अशा वेळी. व्हिडिओ कॉल नको, साधा फोन. तुमच्या बोलीत सांगा की गुडघे ठीक आहेत, त्या वेळी माझी प्लेट अर्ध्यावरून उचलली होती आणि मी उपाशी झोपले होते. याहून जास्त काही समजावू नका. तो हसला तरी चालेल. बहुतेक हसणार नाही.

मग येतो तुमचा तो दुसरा धाक. पत्रात शब्द नाही पण वास आहे: 'लोके काय म्हनतीन?' तिथले लोक शिकलेले, इंग्रजी बोलणारे. मी पापड लाटणारी. त्यात तुम्ही एक धरून चाललात, की तिथे तुमची परीक्षा होणार आहे. माझ्या मते त्या टेबलावर परीक्षा द्यायची ती स्वयंपाकघराने.

नव्या पद्धतीचं रेस्टॉरंट म्हणजे काय, हे आधी थोडं सांगते. मुलाने कुठलं ठिकाण ठरवलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत आपल्याकडे अशी स्वयंपाकघरं उभी राहिली, ज्यांनी पनीर माखनवाला आणि चायनीज सोडून भारतातल्या गावोगावचं धान्य, रानभाजी, लोणची यांना हात घातला. दिल्लीत इंडियन अ‍ॅक्सेंट २००९ मध्ये सुरू झालं, मुंबईत बॉम्बे कँटीन २०१५ मध्ये, मास्क २०१६ मध्ये. पदार्थ परदेशी वाटतो तो ताटलीमुळे. आत बघाल तर कुठे नाचणी असते, कुठे आंबाडी, कुठे कोकम. तुमच्या बिबड्याचा दोन बोटांएवढा तुकडा काळ्या दगडावर उभा करून कुणी समोर ठेवला आणि 'आंबवलेल्या ज्वारीचा कुरकुरीत पापुद्रा' म्हणून त्याची ओळख करून दिली, तर दचकू नका. त्या टेबलावर ज्वारी नीट आंबली की नाही हे फक्त तुम्हाला कळेल. मुलाला नाही, सुनेला नाही, वाढणाऱ्या पोराला तर नाहीच.

आणखी एक गंमत. यातलं बॉम्बे कँटीन आहे ते लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात. गिरण्या गेल्या, १९८२ च्या संपानंतर त्यांनी पुन्हा तसं डोकं वर काढलंच नाही, आणि आता त्या आवारांत खाणावळी, ऑफिसं आणि काचेच्या इमारती आहेत. आपल्या खानदेशाचा कापूस ज्या शहराच्या गिरण्यांना गेला, तिथेच तुम्ही आता जेवायला जाताय. उपऱ्या तुम्ही कशा?

एकेक पदार्थ येण्याच्या रीतीबद्दलही तुमचा समज असा दिसतो, की हेच खरं सुसंस्कृत आणि आपलं भरलं ताट म्हणजे गावठी. तसं नाही. युरोपातही मोठ्या मेजवानीत आधी सगळे पदार्थ एकदमच मांडले जायचे. एकामागून एक आणून वाढायची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि तीही रशियाकडून आली. अजून तिला रशियन पद्धतच म्हणतात. आपलं ताट तर नियमांनी इतकं बांधलेलं, की तिथले वेटर घाबरतील. मीठ कुठे, लिंबाची फोड कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. लग्नघरात नव्या सुनेने चटणी उजवीकडे वाढली तर आजेसासू काय बोलते, ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्या बाईने ही सगळी शिस्त तोंडपाठ केली, तिला काट्या-चमच्याच्या दोन खुणा जड जाणार नाहीत.

आणि तुमच्यासारखं बाकीच्यांचंही होतं, बरं का. मी पहिल्यांदा अशा ठिकाणी गेले तेव्हा समोर एक वाडगा आला, काठोकाठ काळ्या गोट्यांनी भरलेला, आणि त्यावर कुठेतरी एक छोटा काळसर वडा ठेवलेला. दिवे मंद. मी उचलला तो गोटा निघाला. दाताखाली गेला नाही, एवढंच नशीब.

पैशाचं आता. चौघांचे २२,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २३,१००. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. भागाकार केला तर पावणेतीनच्या वर जातो. व्यापारी हमीभावाच्या खालीच मागतो, तेव्हा तुमचे तीन क्विंटल मला मान्य आहेत. मला मान्य नाही ते मोजमाप. तुम्हीच लिहिलंय की मुलीच्या लग्नात ९०० पान उठलं. त्या ९०० पानांचा हिशेब कापसात केला होता का? नाही केला, कारण तिथे तुम्ही वाढणाऱ्या होता. बोच तेव्हाच लागते, जेव्हा पान तुमच्यासाठी मांडलेलं असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलात की काय होतं ते आठवा. झोका, गाणी, सांजोऱ्या, आमरस, आणि चार दिवस कुणी चुलीपुढे बसू देत नाही. त्या चार दिवसांत तुम्ही आईला कधी म्हणालात का, की एवढ्या साखरेत किती किलो ज्वारी आली असती? तुमची आई आता नाही, असं पत्रात आहे. म्हणजे माहेरपण संपलं, असं तुम्ही धरून बसलात. मुलगा एका संध्याकाळचं माहेरपण मांडतोय. त्याला तो शब्द सुचला नसेल, त्याने 'टेस्टिंग मेन्यू' म्हटलं.

पण आंधळेपणाने हो म्हणा, असंही मी सांगणार नाही. एक प्रश्न त्याला जरूर विचारा: हे पैसे पगारातले की क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांचे? पगारातले असतील तर गप्प बसा. हप्त्यांचे असतील तर स्पष्ट नाही म्हणा. उधारीवर आईबापाचा मान करू नये, आणि तो ऐकेल.

दुसरा रस्ताही आहे, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. अकरा पदार्थांच्या जेवणात माझी गोडी सातव्याला संपते. दर वीस मिनिटांनी कुणीतरी येऊन पदार्थाची कुळकथा सांगतं. ती ऐकायची, मान डोलवायची, दोन घास खायचे, की पुढचं आलं. अडीच-तीन तास जातात आणि आपसातलं बोलणं मात्र तुटक राहतं. ज्यांना स्वयंपाकाचीच हौस आहे त्यांच्यासाठी ते नाटक छान आहे. पण नव्या पद्धतीच्या कित्येक ठिकाणी मेन्यू कार्डावरून चार-पाच पदार्थ मागवून मध्ये ठेवता येतात, सगळे मिळून वाटून खातात, आणि दुपारी गेलं तर गर्दीही कमी. बिल निम्म्याच्या आत येऊ शकतं. मुलाला असं विचारा: 'आपण दुपारी जाऊ का, आणि कार्डावरून मागवू का?' यात नकार नाही, आणि तुमची बाजूही राहते. आगाऊ पैसे भरून झाले असतील तर कुठल्या तारखेपर्यंत बदलता येतं ते आधी पाहायला सांगा. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या एक-दोन दिवसांत रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

'त्यापेक्षा घरीच करू' हा तिसरा रस्ता तुम्ही पत्राच्या शेवटी हळूच सोडलाय. तो मी बंद करते. घरी केलं तर मे महिन्याच्या उकाड्यात चुलीवरच्या खापरापुढे कोण बसणार? तुमच्या लग्नाचा वाढदिवस, आणि तुम्हीच मांडे टाकणार. हिवाळ्यात बोलवा सगळ्यांना, व्याह्यांनाही. शेतात वाळक्या काडकट्यांवर वांगी भाजा, लाकडी बडजीत ती ठेचून भरीत करा, सोबत कळण्याची भाकरी करा, आणि वांगी भाजायला मुलाला बसवा. भरिताच्या त्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे व्याह्यांना सांगायला विसरू नका.

माळेचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तो तुम्ही योग्य विचारलात. अशा ठिकाणी 'शाकाहारी' एवढंच सांगून भागत नाही. तिथल्या शाकाहारी जेवणात अंडं असू शकतं: केकमध्ये, आइस्क्रीममध्ये, पांढऱ्या मेयोनीजमध्ये. थरथरणाऱ्या जेलीसारख्या गोडात जिलेटिन असू शकतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. परदेशी चीज सगळीच चालतील असं नाही. पारमेझान नावाचं चीज दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात. चायनीज-थाई वळणाच्या रश्शात माशाचा सॉस जातो. आणि माळकऱ्यासाठी आणखी एक: सॉसमध्ये वाइन आणि गोडात रम घालायची पद्धत आहे, ती चवीला कळतही नाही. हे सगळं टेबलावर बसून सांगण्यात अर्थ नसतो, तोवर आतली तयारी झालेली असते. मुलाने बुकिंग करताना, आणि दोन दिवस आधी पुन्हा फोन करून, शब्दाशब्दाने सांगायचं: अंडं नाही, जिलेटिन नाही, रेनेटचं चीज नाही, माशाचा सॉस नाही, दारूचा थेंब नाही. त्यांनी 'जमणार नाही' म्हटलं तर दुसरं ठिकाण बघायचं. चांगली स्वयंपाकघरं यावर वैतागत नाहीत, उलट आधी कळल्याचं त्यांना बरं वाटतं. फक्त एक विचारून घ्या: मांसाहाराची आणि शाकाहाराची भांडी, कढया वेगळ्या आहेत का? बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर एकच असतं. यजमानांना ते चालत नसेल, तर पूर्ण शाकाहारी ठिकाण शोधा; आता तशीही नवी ठिकाणं मुंबईत आहेत. आणि तारखेला एकादशी येत नाही ना, हे पंचांगात बघा. पोरं कॅलेंडरमध्ये फक्त शनिवार बघतात.

त्या दिवशी काय काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे धडधड कमी होईल. पाचच्या सुमारास काहीतरी खा. मूठभर मुरमुऱ्यांचा भत्ता, चहा. तुमची जेवणाची वेळ सातची, तिथे पहिला घास साडेआठला येईल आणि तो खरोखर एकच घास असेल. उपाशी पोटी माणूस चिडतो. साडी सुती, रोजची चांगली. भरजरी नको, हालचालीला जड पडते. शाल जवळ असू द्या, एसी फार थंड असतो. यजमानांच्या पायात काय चालेल ते मुलाने फोनवर विचारावं. काही ठिकाणी उघड्या चपलांना मनाई असते. पाठ टेकायला असलेली खुर्ची मागून घ्या, उंच स्टुलावर बसायला सांगितलं तर नाही म्हणा. गुडघ्यांचं कारण इथे खुशाल सांगा.

बसल्या बसल्या विचारतील, 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' ते पाण्याबद्दल असतं. स्टिल म्हणजे बाटलीतलं साधं पाणी, स्पार्कलिंग म्हणजे लिंबू नसलेला सोडा, आणि दोन्हीचे पैसे लागतात. 'साधं फिल्टरचं पाणी द्या' म्हटलं की काम होतं. असं सांगण्यात कमीपणा नाही. पैसेवालेही तेच सांगतात. मग कधी कधी 'पेअरिंग'चं विचारतात, म्हणजे प्रत्येक पदार्थासोबत एकेक पेय. त्याचे वेगळे पैसे आणि बहुतेक वेळा वाइन. मुलाने आधीच नको सांगितलेलं बरं.

टेबलावर काटे-चमचे जास्त दिसले तर बाहेरच्या बाजूने सुरू करून आत आत यायचं. पण त्यात अडकू नका. कितीतरी पदार्थ हाताने खायचेच असतात, आणि नसले तरी हाताने खाल्लं म्हणून कुणी उठवत नाही. वाढणाऱ्याला मराठीत बोलायला सांगा. मुंबईत आहात, त्याला येत नसेल तर दुसऱ्याला बोलवील. आवडलं नाही तर ठेवून द्या. 'अन्न टाकू नये' हे मलाही पटतं, पण दोन घासांचा पदार्थ तोंडात घोळवत डोळ्यांत पाणी आणण्यात पुण्य नाही. यजमानांच्या प्लेटमध्ये सरकवा, त्यांना चालतंय. आणि हो, थांबायचं असेल तर छपराची खूण. तरी कुणी प्लेटला हात घातला, तर त्या प्लेटवर आपला हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'थांबा, माझं झालं नाही.' हे वाक्य घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. आपल्या तोंडाला त्याची सवय नसते.

हा परिच्छेद तुमच्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्या पोरांसाठी, त्यांना वाचायला द्या. पोरांनो, आईबापाला अशा ठिकाणी नेताना सरप्राइज देऊ नका. मेन्यू आधी सांगा, वेळ सांगा, तिथला फोटो दाखवा. तिथे गेल्यावर पहिला घास तुम्ही हाताने खा, बाकी आपोआप होतं. बिल त्यांच्यासमोर उघडू नका. आणि व्हिडिओ काढत बसू नका. आईच्या तोंडावर भाव यायची वाट बघत फोन धरला की तिला घास गिळवत नाही.

बिलाचं आलंच आहे तर एक-दोन गोष्टी. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के लागतो, पण दिवसाला ७,५०० रुपयांवर खोली असलेल्या मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर १८ टक्के. तुमचे २२,००० तिथे २५,९६० होतात, म्हणून कर किती ते आधीच विचारायचं. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. तो बिलात आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. नको असेल तर काढायला सांगता येतो. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्याने मनापासून केलं असेल तर त्याच्या हातात जे द्यायचं ते द्यावं, ते वेगळं.

राहिली ठेच्याची डबी. न्या, पण पर्समध्येच राहू द्या. बाहेरचं खाणं टेबलावर चालत नाही, आणि एखाद्याने आठ तास खपून केलेल्या रश्श्यावर मिरची पसरली तर त्याला वाईट वाटेल. तुमच्या पुरणावर कुणी सॉस ओतला तर तुम्हाला वाटेल तसंच. तिखट कमी पडलं तर हिरवी मिरची मागा, आणतात. डबी लागेल ती रात्री साडेअकराला, सुनेच्या माहेरच्या स्वयंपाकघरात, जेव्हा चौघांपैकी कुणीतरी कबूल करील की पोट भरलं नाही. बहुधा यजमान. तेव्हा सुनेला म्हणावं, थोडा भात टाक.

एवढं वाचूनही मन घेत नसेल तर जाऊ नका. हे जेवण नाही झालं तर काही बिघडत नाही. फक्त गुडघ्यांना मध्ये आणू नका. फोन मात्र कराच. आणि जायचं ठरो न ठरो, शर्टाचं कापड घरात ठेवू नका. लग्नसराईत शिंपी 'आठ दिवसांत देतो' म्हणून तीन आठवडे लावतो. उद्याच टाका शिवायला, आणि रंग फिकट असेल तर यजमानांना सांगून ठेवा: तिथे मांडीवर घ्यायला रुमाल देतात, तो खरंच घ्यायचा असतो.